जेम्स बार्नर : एका छायाचित्रकाराची वाटचाल

आफ्रिका खंडाच्या नकाशावर पश्चिमेकडे जो मोठा फुगवटा दिसतो, त्याच्या खालच्या अंगाला, गिनीच्या आखाताकाठी घाना हा देश आहे. १९५७ पूर्वी त्याचे नाव गोल्ड कोस्ट असे होते. सोन्यासाठी आणि पुढे कोकोसाठी प्रसिद्ध असलेली ही इंग्रजांची वसाहत ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाली. त्या सोहळ्याची वर्णने इतिहासाच्या पुस्तकांत आहेत, डॉ. क्वामे एन्क्रुमा यांचे नाव तर पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु आजचा आमचा विषय एन्क्रुमा हा नाही. त्या दिवसांत गर्दीतून वाट काढीत, कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणारा जो एक सत्तावीस वर्षांचा तरुण होता, त्याच्याविषयी आम्हांला बोलावयाचे आहे. त्याचे नाव जेम्स बार्नर.

बार्नर यांच्या आयुष्यातील दोन प्रसंग प्रथम शेजारी शेजारी ठेवू. १९९४ मध्ये, वयाच्या पासष्टीच्या सुमारास, ते घाना सोडून लंडनला आले आणि पोटासाठी हीथ्रो विमानतळावर साफसफाईचे काम करू लागले. २०२१ मध्ये त्याच लंडन शहरातील सर्पेंटाइन या नामांकित कलादालनात त्यांच्या साठ वर्षांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात त्यांनी काही नवी, जगाला चकित करणारी चित्रे काढली होती असे नव्हे. जी चित्रे २०२१ मध्ये लोकांनी रांगा लावून पाहिली, ती १९९४ मध्येही होतीच. पण ती पेट्यांत पडून होती. मग छायाचित्रकाराचे काम नेमके केव्हा पुरे होते? कॅमेऱ्याची कळ दाबली की पुरे होते, असे आपण समजतो. बार्नर यांची वाटचाल पाहिली म्हणजे ही समजूत फारच अपुरी आहे, असे दिसून येते.

उमेदवारी

बार्नर यांचा जन्म ६ जून १९२९ रोजी आक्रा शहरात झाला. आक्राचा जेम्सटाउन हा भाग समुद्रकाठचा आणि जुना. कोळ्यांच्या होड्या, दीपस्तंभ, आणि पूर्वी इंग्रजांनी बांधलेला जेम्स फोर्ट नावाचा किल्ला तेथे आहे. या किल्ल्याचा पुढे तुरुंग झाला, आणि एन्क्रुमा यांना इंग्रजांनी याच तुरुंगात ठेवले होते. फेब्रुवारी १९५१ मध्ये निवडणूक जिंकून ते याच दारातून बाहेर पडले. बार्नर यांचे प्रारंभीचे आयुष्य अशा वस्तीत गेले, हे लक्षात ठेवले पाहिजे. इतिहास त्यांच्या अंगणातच घडत होता.

तरुणपणी बार्नर एका मिशनरी शाळेत टोपल्या विणण्याची कला शिकवीत. तेथील मुख्याध्यापकांनी त्यांना कोडॅकचा एक लहानसा ब्राउनी कॅमेरा दिला. खेळण्यासारखीच ती वस्तू. पण तिने या तरुणाच्या मनाला चाळा लावला. त्यांच्या कुटुंबात छायाचित्रण हा व्यवसाय होताच. त्यांचे एक भाऊबंद, जे. पी. डोडू, आक्रामधील जाणते व्यक्तिचित्रकार होते. १९४७ पासून सुमारे दोन वर्षे बार्नर यांनी त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली.

उमेदवारी म्हणजे काय, हे आपल्याकडील कोणत्याही कसबी कारागिराला सांगावयास नको. प्रथम झाडलोट, मग पाणी भरणे, मग औषधे कालवणे, आणि पुष्कळ दिवसांनी प्रत्यक्ष कॅमेऱ्याला हात. परंतु त्या काळच्या स्टुडिओतील सर्वांत कठीण कसब कॅमेऱ्यात नव्हते. ते निगेटिव्हवर पेन्सिल चालविण्यात होते. इंग्रजीत त्याला रिटचिंग म्हणतात. निगेटिव्हमध्ये सारे उलटे असते: चेहऱ्यावरची काळी सुरकुती तेथे पारदर्शक रेघ म्हणून दिसते. त्या रेघेत अणकुचीदार पेन्सिलीने हलक्या हाताने शिसे भरले, की तेथून प्रकाश कमी जातो आणि छापलेल्या चित्रात सुरकुती नाहीशी होते. उलट, जेथे काळोख वाढवावयाचा तेथे पात्याने निगेटिव्ह नाजूकपणे खरवडावे लागते. हात जरा जड पडला की चेहरा बिघडला. मोठ्या आकाराच्या निगेटिव्हवर हे काम तासन्‌तास चाले.

‘एव्हर यंग’

उमेदवारी संपल्यावर बार्नर यांनी आधी उघड्यावरच पडदा टांगून चित्रे काढली. पुढे, १९५०च्या दशकाच्या आरंभी, जेम्सटाउनमध्ये त्यांचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला. त्याचे नाव ‘एव्हर यंग’, म्हणजे चिरतरुण. शाळेच्या पुस्तकात त्यांनी उत्तर युरोपातील एका देवतेची कथा वाचली होती. तिचे नाव इदुना. तिच्याजवळची सफरचंदे खाऊन देव म्हातारपणापासून मुक्त राहत. कोठली ती बर्फाच्या देशातील देवता आणि कोठले जेम्सटाउन! पण निगेटिव्हवरच्या पेन्सिलीने माणसांच्या सुरकुत्या घालविणाऱ्या या तरुणाला ती कथा आपल्याच धंद्याची वाटली, यात नवल नाही.

स्टुडिओजवळ सी व्ह्यू हॉटेल होते आणि भोवती दिवसरात्र वर्दळ असे. लग्न ठरलेली जोडपी येत, बाळाला घेऊन आया येत, परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्यार्थी येत, नव्या गणवेशातील परिचारिका आणि पोलीस येत. आपण पडद्यासमोर हात गुडघ्यावर ठेवून बसलेल्या आजोबांचे चित्र पाहतो, तेव्हा त्यातील अवघडलेपणा ध्यानात येतो. बार्नर यांना तो अवघडलेपणा घालवावयाचा असे. ते गिऱ्हाइकांशी गप्पा मारीत आणि बोलता बोलता चित्र काढीत. त्यांच्या लेखी हा पोटाचा धंदा होता, देशाचा इतिहास आपण लिहीत आहोत असे नव्हे. पण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील एक समाज स्वतःला कसा दाखवू इच्छित होता, कोणते कपडे घालून, कोणत्या ऐटीत, कोणाच्या खांद्यावर हात ठेवून, हे आज आपल्याला त्या पडद्यापुढच्या चित्रांतूनच समजते. सरकारी दप्तरात ही माहिती सापडत नाही.

स्टुडिओतून रस्त्यावर

१९५० मध्ये लंडनच्या ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रसमूहाने आक्रा येथे ‘डेली ग्राफिक’ हे दैनिक सुरू केले. चित्रांना मानाचे स्थान देणारे हे पत्र होते आणि त्याला चित्रे आणून देणारा माणूस हवा होता. बार्नर ते काम करू लागले. घानातील अगदी पहिल्या वृत्तछायाचित्रकारांत त्यांची गणना होते.

येथे त्यांना जणू दुसऱ्यांदा उमेदवारी करावी लागली. स्टुडिओत प्रकाश आपल्या हातचा, माणूस आपल्या सांगण्यातला, आणि चूक झाली तर पेन्सिल आहेच. रस्त्यावर यांपैकी काहीही नाही. कॅमेरा लहान, त्यामुळे निगेटिव्हही लहान. त्यावर पेन्सिल चालविण्यास जागाच उरत नाही. पुढारी बोलता बोलता हात वर करतो तो क्षण एकदाच येतो. शिवाय अंक छापावयाचा असल्यामुळे ठरलेल्या वेळी चित्र संपादकाच्या मेजावर पोचले पाहिजे. उद्या पोचलेले उत्तम चित्र आजच्या अंकाला निरुपयोगी. स्टुडिओ माणसाला चित्र सुधारावयास शिकवितो. वृत्तपत्र आधी पाहावयास शिकविते. बार्नर दोन्ही शिकले. स्टुडिओ त्यांनी सोडला नाही, आणि त्यामुळे एकाच माणसाच्या निगेटिव्हांत एका बाजूस मोहल्ल्यातील बाळाची आई आणि दुसऱ्या बाजूस देशाचा पंतप्रधान असा विलक्षण संग्रह होत गेला.

याच सुमारास ‘ड्रम’ या मासिकाशी त्यांचा संबंध आला. हे मासिक १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत निघाले. वर्णभेदाचे कायदे तेथे दिवसेंदिवस कडक होत असताना कृष्णवर्णीय लेखक आणि छायाचित्रकार यांना या मासिकाने जागा दिली, आणि पश्चिम आफ्रिकेतही त्याच्या आवृत्त्या निघू लागल्या. गायक, मुष्टियोद्धे, पुढारी, नर्तिका यांची चित्रे पानापानावर असत. आफ्रिकेतील माणसाने आफ्रिकेतील माणसाचे काढलेले चित्र आफ्रिकेतील वाचक पाहत आहे, ही गोष्ट आज साधी वाटते. तोपर्यंत त्या खंडाची जी चित्रे जगभर फिरत, ती बहुतेक बाहेरून आलेल्या प्रवाशांनी, मिशनऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी काढलेली असत, हे आठवले म्हणजे तिचे मोल कळते.

१९५७ च्या स्वातंत्र्यसोहळ्याची चित्रे बार्नर यांनी ‘ब्लॅक स्टार’ या चित्रसंस्थेसाठी काढली. अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारखे पाहुणे त्या सोहळ्यास आले होते.

लंडनमधील दहा वर्षे

येथवर पोचलेला माणूस आपल्या गावी सुखाने राहू शकला असता. परंतु बार्नर यांना एक उणीव जाचत होती. हाताने शिकलेल्या विद्येच्या पाठीमागचे शास्त्र त्यांना माहीत नव्हते. आणि रंगीत छायाचित्रणाचे युग येत होते. १ डिसेंबर १९५९ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते लंडनला पोचले.

नव्या शहरात त्यांना डेनिस केम्प यांचे साहाय्य झाले. केम्प हे कोडॅक कंपनीतर्फे छायाचित्रणावर सचित्र व्याख्याने देत गावोगाव फिरत. बार्नर त्यांचे मदतनीस झाले. मग त्यांनी केंट परगण्यातील एडनब्रिज येथे रंगीत चित्रे धुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली आणि पुढे मेडवे कॉलेज ऑफ आर्ट या संस्थेत रीतसर शिक्षण घेतले. तिशी उलटलेला, स्वतःचा स्टुडिओ चालविलेला, पंतप्रधानांची चित्रे काढलेला माणूस पुन्हा बाकावर बसला. आमच्या मते त्यांच्या वाटचालीतील ही पायरी सर्वांत कमी चमकदार आणि सर्वांत महत्त्वाची आहे.

लंडन त्या वेळी आफ्रिकन माणसाला सर्वत्र सुखाने दार उघडीत नव्हते. १९५८ मध्ये नॉटिंग हिल भागात वर्णद्वेषाच्या दंगली झाल्या होत्या. वर्णभेदाविरुद्धचा पहिला कायदा तेथे १९६५ मध्ये झाला. इंग्रजी स्टुडिओत कृष्णवर्णीय छायाचित्रकाराला काम मिळणे दुरापास्त होते. तेव्हा ‘ड्रम’ पुन्हा उपयोगी पडले. त्याच्या मुखपृष्ठांसाठी बार्नर यांनी लंडनच्या रस्त्यांवर आफ्रिकन वंशाच्या तरुणींची चित्रे काढली: ट्रफाल्गर चौकात कबुतरांच्या मध्ये, टेलिफोनच्या लाल खोक्याजवळ, मोटारीला टेकून. ‘व्होग’ या प्रसिद्ध फॅशन मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीवर कृष्णवर्णीय तरुणी मार्च १९६६ मध्ये प्रथम झळकली, हे ध्यानात घेतले म्हणजे बार्नर काय करीत होते ते समजते. चित्र लंडनचे, पण ते पाहणारा वाचक आक्रा, लागोस, नैरोबीचा. मुष्टियोद्धा महंमद अली १९६६ मध्ये ब्रायन लंडनशी लढावयास आला, तेव्हा त्याचीही चित्रे बार्नर यांनी टिपली. घानाचे माइक एगन हे ध्वनिक्षेपक १९६७ मध्ये पिकॅडिली सर्कसच्या दिव्यांपुढे दोन्ही हात पसरून उभे आहेत, हे त्यांचे चित्र आज फार प्रसिद्ध आहे. जणू सगळे शहर कवेत घेत आहेत.

रंग घेऊन परत

१९६९ मध्ये बेल्जममधील मोर्टसेल येथे आग्फा-गेव्हार्ट कंपनीत बार्नर यांनी रंगीत छपाईचे विशेष शिक्षण घेतले आणि ते मायदेशी परतले. आक्रामध्ये सिक-हागेमायर या कंपनीच्या जागेत त्यांनी घानातील पहिली रंगीत चित्रांची प्रयोगशाळा उभी केली.

ही गोष्ट किती मोठी होती, हे समजण्यासाठी रंगीत फिल्मची रचना थोडी पाहावी लागेल. कृष्णधवल चित्र हे चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते. रंगीत फिल्ममध्ये एकावर एक असे तीन थर असतात: एक निळ्या प्रकाशाला, दुसरा हिरव्याला आणि तिसरा तांबड्याला जागणारा. फिल्म धुताना प्रत्येक थरात अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि निळसर-हिरवा रंग तयार होतो आणि मग त्यातील चांदी काढून टाकली जाते. औषधाची उष्णता अंशाअंशाने सांभाळावी लागते. ती चुकली की तिन्ही थरांचा तोल जातो आणि माणसाचा चेहरा हिरवा किंवा जांभळा दिसू लागतो. जुन्या अंधारखोलीतील अंदाज येथे कामाचा नाही. म्हणूनच पश्चिम आफ्रिकेतील छायाचित्रकाराला आपली रंगीत फिल्म धुण्यासाठी परदेशी पाठवावी लागे आणि आपल्या चित्राचे काय झाले हे पाहण्यासाठी वाट बघत बसावे लागे. स्वतंत्र देशातील माणसाचा रंग कसा उमटावा, हेही दुसऱ्या देशात ठरत होते. बार्नर यांनी प्रयोगशाळा आणली आणि नुसती चालविली नाही, तर तेथील तरुणांना हे काम शिकविले.

१९७३ मध्ये त्यांनी ‘एक्स-२३’ नावाचा दुसरा स्टुडिओ काढला. परंतु देशाचे दिवस पालटले होते. १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमा यांची सत्ता उलथली. १९७२, १९७९ आणि १९८१ मध्ये पुन्हा उठाव झाले. चलनाची किंमत घसरली, वस्तू मिळेनाशा झाल्या. फिल्म, कागद आणि औषधे या तिन्ही गोष्टी परदेशातून आणाव्या लागणाऱ्या धंद्यावर अशा काळाचा घाव किती खोल पडत असेल, याची कल्पना करता येते. बार्नर यांनी सरकारी कामे केली, मिळेल ते केले, आणि अखेरीस १९९४ मध्ये पुन्हा लंडनची वाट धरली.

पेटीतील चित्रे

आता आम्ही आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. चाळीस वर्षांहून अधिक काळाची निगेटिव्ह बार्नर यांनी जपून ठेवली होती. हे जपणे सोपे नसते. फिल्मचा पत्रा ज्या अ‍ॅसिटेटचा असतो, तो दमट आणि उष्ण हवेत कुजू लागतो आणि त्याला शिरक्यासारखा वास येतो. वरच्या जिलेटीनवर बुरशी चढते. रंगीत चित्राचे रंग अंधारातही हळूहळू विटतात. आणि या साऱ्यांहून मोठी हानी म्हणजे चित्रातील माणसाचे नाव विसरले जाणे. नाव गेले की उरतो तो कोणी एक चेहरा.

बार्नर यांच्याजवळ निगेटिव्हही होती आणि आठवणीही होत्या. घानाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली, त्या २००७ साली लंडनच्या ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्ज या संस्थेने त्यांच्या स्वातंत्र्यकाळातील चित्रांचे प्रदर्शन भरविले. मग ‘ऑटोग्राफ’ या संस्थेने हा ठेवा हाती घेतला. कृष्णवर्णीय छायाचित्रकारांच्या कामासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेली ही लंडनचीच संस्था. तिने निगेटिव्हांच्या यांत्रिक प्रती करविल्या आणि २०१० मध्ये ‘एव्हर यंग’ याच नावाने मोठे प्रदर्शन भरविले. बार्नर तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे होते. २०२१ च्या सर्पेंटाइनमधील प्रदर्शनासाठी चित्रे निवडली गेली ती सुमारे ३२,००० चित्रांच्या साठ्यातून. आफ्रिकेतील नव्या छायाचित्रकारांसाठी त्यांच्या नावाचा एक पुरस्कारही २०२२ मध्ये सुरू झाला.

हे एकट्या बार्नर यांचे नशीब नव्हे. माली देशातील बामाको शहरात सेदू केइता यांनी १९४८ मध्ये स्टुडिओ काढला आणि हजारो नगरवासीयांची अप्रतिम चित्रे घेतली. १९६० नंतरच्या नव्या सरकारने त्यांना सरकारी छायाचित्रकार केले आणि स्टुडिओ बंद पडला. पॅरिसने त्यांचे प्रदर्शन पाहिले ते १९९४ मध्ये. त्याच शहरातील मालिक सिदिबे यांनी १९६०च्या दशकातील तरुणांच्या नाचगाण्याच्या मेजवान्या रात्र रात्र जागून टिपल्या. व्हेनिसच्या कलामहोत्सवात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला २००७ मध्ये. या तिघांच्याही बाबतीत चित्र निघाले एका पिढीत आणि पाहिले गेले दुसऱ्या पिढीत.

यावरून कोणी म्हणेल, गुणाची पारख उशिरा का होईना, होतेच. आम्हांला मात्र हे समाधान पटत नाही. पारख झाली ती ज्यांची निगेटिव्ह टिकली त्यांची. ज्यांच्या पेट्या पावसात भिजल्या, ज्यांच्या स्टुडिओची जागा घरमालकाने रिकामी करवून काचा भंगारात घातल्या, त्यांची नावे या यादीत येणारच नाहीत; आणि त्यांच्याबरोबर त्या त्या गावाचे चेहरेही गेले. शिवाय पारख करणारी दालने लंडन-पॅरिसची आहेत. ज्या जेम्सटाउनची ही चित्रे, तेथील नातवंडांना ती सहज पाहावयास मिळावीत, ही जबाबदारी केवळ प्रदर्शनाने फिटत नाही.

छायाचित्रकाराच्या कामाचे म्हणून तीन भाग मानावे लागतात. पाहणे हा पहिला. त्यासाठी डोळा लागतो. चित्र सिद्ध करणे हा दुसरा. त्यासाठी पेन्सिलीपासून रसायनशास्त्रापर्यंतची विद्या लागते, आणि ती मिळविण्यासाठी बार्नर तीनदा विद्यार्थी झाले. जपणे हा तिसरा. त्याला धीर लागतो, आणि तो भाग एकट्याने पुरा होत नाही. तेथे संस्था लागतात आणि समाजही लागतो.

आपल्या घरी भिंतीवर किंवा ट्रंकेत जी जुनी चित्रे असतील, ती घरी गेल्यावर एकदा बाहेर काढा. त्यांच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. ज्यांना ती नावे ठाऊक आहेत, अशी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.